वाचकांचे प्रश्न : व्हॉल्ट सील कधी करावा, कसा करावा

पासवर्ड, एपीआय किल्ल्या आणि सर्टिफिकेटं सांभाळणारा हॅशिकॉर्प व्हॉल्ट आता नागपुरातल्या लहान कंपन्यांतही दिसतो. या वेळी आलेल्या पत्रांपैकी बहुतेकांचा रोख 'व्हॉल्ट ऑपरेटर सील' या एकाच कमांडवर, म्हणजे व्हॉल्टला कुलूप लावण्यावर आहे (कुलूप उघडणं म्हणजे अनसील), म्हणून हे सदर तिलाच दिलं आहे. कमांड इथे देवनागरीत छापल्या आहेत. टर्मिनलवर त्या रोमन लिपीत, लहान अक्षरांत द्यायच्या. ऑगस्ट २०२३ मध्ये व्हॉल्टचा परवाना बदलल्यावर लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली ओपनबाओ हा वेगळा प्रकल्प सुरू झाला. तो वापरणाऱ्यांनी सील, अनसील आणि स्टेटस या कमांडसाठी 'व्हॉल्ट'च्या जागी 'बाओ' टाइप करावं.

प्रश्न : आमची टीम परसोडीच्या आयटी पार्कमध्ये आहे. अडचणीच्या वेळी व्हॉल्ट बंद करायचा तर 'सिस्टमसीटीएल स्टॉप व्हॉल्ट' पुरेसं नाही का? सील केल्यावर आत नेमकं काय होतं आणि ती कमांड कोणाच्या हाती द्यावी?

स्टॉप केल्यावर प्रोसेसच संपते. सील केल्यावर प्रोसेस चालू राहते, पण तिच्या मेमरीतली रूट किल्ली टाकून दिली जाते. डिस्कवरचा सगळा डेटा एईएस-२५६ जीसीएमने एन्क्रिप्ट केलेला असतो. ज्या किल्लीने तो एन्क्रिप्ट होतो ती की-रिंगमध्ये असते, की-रिंग रूट किल्लीने बंद असते आणि रूट किल्ली अनसील किल्लीने. अनसील किल्ली कुठेच अखंड ठेवलेली नसते. अदी शमीर यांनी १९७९ साली मांडलेल्या पद्धतीने तिचे तुकडे केलेले असतात. तुम्ही वेगळं काही सांगितलं नाही तर व्हॉल्ट पाच तुकडे करतो आणि त्यांतले कोणतेही तीन आले की किल्ली जुळते. दोन तुकड्यांवरून किल्लीबद्दल काहीही कळत नाही. त्यामुळे सील झालेल्या सर्व्हरची डिस्क कोणी उचलून नेली तरी त्याच्या हाती फक्त न वाचता येणारे बाइट लागतात.

व्यवहारात स्टॉप आणि सील यांतला फरक दोन ठिकाणी जाणवतो. स्टॉप करायला सर्व्हरवर रूट लॉगिन लागतं. सील करायला नेटवर्कवरून पोहोचणारं, योग्य परवानगीचं टोकन (लॉगिननंतर मिळणारा तात्पुरता परवाना) पुरतं. रात्री घरून व्हीपीएनने जोडलेल्या माणसालाही ते करता येतं. दुसरं, सील असलेला व्हॉल्ट उत्तर देत राहतो. हेल्थ तपासणाऱ्या पत्त्यावर ५०३ हा कोड येतो, म्हणजे मॉनिटरिंगला 'सर्व्हर मेला' आणि 'सर्व्हर मुद्दाम बंद केला' यांतला फरक कळतो.

परवानगीचं म्हणाल तर 'सिस/सील' या पाथवर अपडेट आणि सुडो या दोन क्षमता देणारी एक वेगळी पॉलिसी लिहा. तिच्यात दुसरं काहीही नको. अशा माणसाला एकही पासवर्ड वाचता येत नाही, फक्त दार लावता येतं. इथे एक चूक बरेचदा होते : या पॉलिसीचं एक टोकन बनवून पाकिटात बंद करून ठेवलं जातं. टोकनची कमाल मुदत मुळात ७६८ तास, म्हणजे ३२ दिवस असते. सहा महिन्यांनी पाकीट उघडलं तर टोकन कधीच मेलेलं असतं. त्यापेक्षा युजरपास (यूजर नाव आणि पासवर्डची) पद्धतीने एक खातं उघडा, त्याला ही पॉलिसी जोडा आणि पाकिटात त्याचा पासवर्ड ठेवा. गरज पडली की लॉगिन करून ताजं टोकन मिळतं. कंपनीच्या सिंगल साइन-ऑनवर विसंबू नका. घुसखोरी झाली असेल तर तीच यंत्रणा आधी संशयात असेल.

प्रत्यक्ष क्रम असा. आधी 'व्हॉल्ट अ‍ॅडर' (हे नाव मात्र मोठ्या रोमन अक्षरांत, मध्ये अंडरस्कोअर) हा सर्व्हरचा पत्ता सांगणारा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल योग्य सर्व्हरवर आहे का पाहा. टेस्टचा समजून प्रॉडक्शन सील करणं फार सोपं आहे. मग लॉगिन, मग 'व्हॉल्ट ऑपरेटर सील'. कमांड 'खात्री आहे का' असं विचारत नाही, लगेच सील करते. त्यानंतर 'व्हॉल्ट स्टेटस' चालवा. 'सील्ड'समोर 'ट्रू' दिसायला हवं आणि कमांडचा एक्झिट कोड २ हवा. उघडा असेल तर ०, चूक झाली असेल तर १. स्क्रिप्ट लिहिताना हे तीन कोड नीट वेगळे करा. 'शून्य नाही म्हणजे सील झालं' असं गृहीत धरलं तर नेटवर्क तुटलेलं असतानाही स्क्रिप्ट समाधानाने संपेल.

बंद करायला एक माणूस पुरतो आणि उघडायला तीन लागतात, हे मुद्दाम तसं ठेवलेलं आहे. पण त्याचा अर्थ असाही होतो की सील करण्याचा अधिकार असलेला कोणीही तुमचं सगळं कामकाज थांबवू शकतो. दोघा-तिघांपलीकडे तो देऊ नये असं आमचं ठाम मत आहे.

प्रश्न : आमचा तीन नोडचा क्लस्टर आहे. सराव म्हणून सील केलं, 'सक्सेस' असा संदेशही आला, पण अ‍ॅप्लिकेशन जणू काही झालंच नाही अशी चालू राहिली. कमांड चुकली का? (मिहान)

कमांड बरोबर होती, पण ती एकाच नोडपुरती लागू झाली. क्लस्टर म्हणजे एकत्र काम करणारे सर्व्हर, त्यांतला प्रत्येक एक नोड. त्यांत एक नोड सक्रिय असतो, बाकीचे स्टँडबाय. सक्रिय नोड सील झाला की तो नेतेपद सोडतो आणि उरलेल्यांपैकी एक काही सेकंदांत जागा घेतो. त्याच्या मेमरीत रूट किल्ली शाबूत आहे, त्यामुळे काम सुरूच राहतं. एरवी ही सोय, घुसखोरीच्या वेळी हाच धोका.

स्टँडबाय नोडला थेट सील करता येत नाही. स्टँडबाय असताना सील होणार नाही, रीस्टार्ट करा, असं तो स्वतःच सांगतो. म्हणून क्लस्टर बंद करताना दोन माणसं लागतात असं धरून चला. पहिल्याने सक्रिय नोडवर सील द्यायचं, त्याच मिनिटाला दुसऱ्याने बाकीच्या दोन नोडवर 'सिस्टमसीटीएल रीस्टार्ट व्हॉल्ट' चालवायचं. तुकड्यांनी उघडणारा व्हॉल्ट रीस्टार्टनंतर नेहमी सील अवस्थेतच उठतो. एकटेच असाल आणि एकामागून एक सील करत गेलात, तर शेवटच्या नोडशी अडाल : तिघांपैकी दोन गेल्यावर कोरम (नेता निवडायला लागणारं बहुमत) उरत नाही, तो नेता होऊ शकत नाही आणि सीलची विनंतीही घेत नाही. तो काही देत नसला तरी त्याच्या मेमरीत किल्ली आहे. त्याला रीस्टार्ट केल्याशिवाय काम पुरं झालेलं नाही.

शेवटी प्रत्येक नोडचा स्वतःचा पत्ता देऊन तिन्हींचं स्टेटस पाहा. लोड बॅलन्सरच्या (विनंत्या नोडांमध्ये वाटणाऱ्या यंत्रणेच्या) पत्त्यावरून पाहिलं तर कोणत्या नोडचं उत्तर आलं हे कळत नाही.

प्रश्न : अनसील करताना प्रगती कधी १/३ दिसते, कधी ०/३. तिघांनीही आपापला तुकडा बरोबर टाकला आहे. (सदर परिसर, नागपूर)

तुमच्या 'व्हॉल्ट अ‍ॅडर'मध्ये लोड बॅलन्सरचा पत्ता असणार. पहिला तुकडा एका नोडला गेला, दुसरा दुसऱ्याला, आणि तुकडे नोडांमध्ये एकत्र होत नाहीत. प्रत्येक नोड स्वतंत्रपणे अनसील करावा लागतो, म्हणून तीन नोड म्हणजे नऊ वेळा तुकडा टाकणं. थेट नोडचा पत्ता द्या, 'व्हॉल्ट ऑपरेटर अनसील' या कमांडला 'रीसेट' पर्याय जोडून अर्धवट प्रगती पुसा आणि नव्याने सुरू करा.

यातल्या आणखी दोन गोष्टी लोकांना कोड्यात टाकतात. तोच तुकडा दोनदा टाकला तर प्रगती पुढे सरकत नाही. आणि चुकीचा तुकडा टाकताक्षणी ओळखू येत नाही. तिसरा तुकडा पडून किल्ली जुळवायला गेल्यावरच चूक कळते आणि मोजणी शून्यावर येते. त्या वेळी तिघांपैकी चूक कोणाची हे व्हॉल्टला सांगता येत नाही. म्हणून प्रत्येक तुकड्याच्या पाकिटावर तो कोणत्या क्लस्टरचा आणि कोणत्या तारखेच्या रीकीचा (नवे तुकडे पाडण्याचा) आहे हे लिहून ठेवा. जुने तुकडे नव्यांत मिसळणं हे या चुकीचं सर्वांत नेहमीचं कारण आहे.

तुकडा कमांडच्या पुढे त्याच ओळीत टाइप करू नका. तो शेलच्या हिस्ट्रीत राहतो आणि प्रोसेसच्या यादीतही दिसतो. नुसती कमांड द्या. ती विचारेल तेव्हा टाका, स्क्रीनवर अक्षरं दिसणार नाहीत.

प्रश्न : हिंगणा एमआयडीसीत आमचा कारखाना आहे. मे महिन्यात वीज जाते, यूपीएस संपतो, सर्व्हर परत उठतो तेव्हा व्हॉल्ट सील असतो आणि उत्पादनाचं सॉफ्टवेअर डेटाबेसला जोडलं जात नाही. तिघांना गोळा करेपर्यंत पाळी निघून जाते. तिन्ही तुकडे एका स्क्रिप्टमध्ये घालून सर्व्हर सुरू होतानाच उघडला तर चालेल का?

चालवू नका. एकाच डिस्कवर एन्क्रिप्ट केलेला डेटा आणि त्याच्या तिन्ही किल्ल्या ठेवल्यावर एन्क्रिप्शनला काही अर्थ उरत नाही. डिस्कची किंवा बॅकअपची एक प्रत ज्याच्या हाती पडेल त्याला सगळं मिळेल.

पहिला उपाय फुकटचा आहे. तिघांना हिंगण्याला यायची गरजच नाही. तुकड्यांची मोजणी सर्व्हरवर राहते, त्यामुळे एक जण बेसा इथल्या घरून, दुसरा वर्ध्याहून, तिसरा कारखान्यातून आपापल्या लॅपटॉपवरून व्हीपीएनने जोडून एकेक तुकडा टाकू शकतो. फोनवर एवढंच बोलायचं की 'माझा पडला, १/३ दिसतंय'. तुकडा मात्र फोनवर सांगायचा नाही आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचा नाही. अशी सोय केली तर उघडायला दहा मिनिटांपेक्षा जास्त लागण्याचं कारण नाही. त्यासाठी व्हीपीएनचा सर्व्हर, राउटर आणि फायबरचं उपकरण एकाच यूपीएसवर हवं. बरेचदा सर्व्हर उठलेला असतो आणि राउटरच बंद असतो. व्हॉल्टचं टीएलएस सर्टिफिकेट कधी संपतं तेही बघून ठेवा. ते संपलेलं असलं की अनसीलची विनंतीच जात नाही, आणि घाईत लोक सर्टिफिकेटची तपासणी बंद करून तुकडे टाकतात.

दुसरा उपाय ऑटो-अनसील. यात रूट किल्ली तुकड्यांऐवजी बाहेरच्या एखाद्या किल्ली-सेवेने बंद केलेली असते : क्लाउडची केएमएस (किल्ल्या सांभाळणारी सेवा), किंवा दुसऱ्या जागी चालणाऱ्या व्हॉल्टचं ट्रान्झिट इंजिन (इतरांसाठी एन्क्रिप्शन करून देणारा भाग). सर्व्हर उठला की तो त्या सेवेला विचारतो आणि स्वतः उघडतो. ट्रान्झिट वापरत असाल तर दुसरा व्हॉल्ट त्याच यूपीएसवर, त्याच खोलीत ठेवू नका. दोघे एकत्र पडले की कोणी कोणाला उघडू शकत नाही.

ऑटो-अनसील घेतल्यावर मात्र सीलचं गणित बदलतं आणि हे फार थोड्यांच्या लक्षात येतं. हाताने सील केलेला असा व्हॉल्ट सर्व्हिस रीस्टार्ट झाली की पुन्हा स्वतःच उघडतो. घुसखोराकडे सर्व्हरचं रूट लॉगिन असेल तर तुमच्या सीलला तो एका रीस्टार्टने निष्प्रभ करेल. मागच्या उत्तरातला 'स्टँडबाय रीस्टार्ट करा' हा उपायही इथे लागू पडत नाही. तिथे सर्व्हिस स्टॉप करावी लागते. म्हणून अशा क्लस्टरसाठी सीलच्या जोडीला दुसरी कृती ठरवून ठेवा : केएमएसमधली ती किल्ली डिसेबल करणं. डिसेबल केलेली किल्ली नंतर पुन्हा चालू करता येते. डिलीट कधीही करू नका. अमेझॉनच्या केएमएसमध्ये डिलीटसाठी ७ ते ३० दिवसांची वाट पाहावी लागते ती याचसाठी. ती मुदत सरली की व्हॉल्टमधला डेटा कायमचा गेला.

ऑटो-अनसीलमध्ये सुरुवातीला मिळतात त्या रिकव्हरी किल्ल्यांबद्दलही गैरसमज आहे. केएमएस गेली तर त्या किल्ल्यांनी व्हॉल्ट उघडत नाही. नवं रूट टोकन (सर्व अधिकारांचं टोकन) बनवण्यासारख्या कामांना मंजुरी देण्यापुरत्याच त्या आहेत.

प्रश्न : आमच्या एका डेव्हलपरने व्हॉल्टचं टोकन चुकून सार्वजनिक गिट रिपॉझिटरीत टाकलं. लगेच सील करायला हवं होतं का? (धरमपेठ)

टोकन कशाचं होतं त्यावर अवलंबून आहे. एका अ‍ॅप्लिकेशनचं, मर्यादित पॉलिसीचं टोकन असेल तर 'व्हॉल्ट टोकन रिव्होक' एवढंच करा. ते टोकन, त्याने बनवलेली पोटटोकनं आणि त्यांच्या नावावरच्या लीज (मुदतीवर दिलेल्या सिक्रेटच्या नोंदी) एका फटक्यात रद्द होतात. इथे सील केलं तर उलट नुकसान होतं, कारण सील असलेल्या व्हॉल्टला काहीच रद्द करता येत नाही. कमिट मागे घेऊन भागत नाही. ते टोकन गिटच्या इतिहासात राहतं आणि सार्वजनिक रिपॉझिटरी सतत चाळणारे प्रोग्रॅम ते मिनिटांत उचलतात.

रूट टोकन असेल, किंवा सर्व्हरवरच कोणी शिरल्याची खूण दिसत असेल, किंवा काय गेलं हेच कळत नसेल, तर सील करा आणि मग विचार करा. सील केल्याची वेळ कागदावर लिहा. सीईआरटी-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार अशी घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवावी लागते. ते घड्याळ सील केल्याने थांबत नाही.

आता सीलने काय होत नाही ते नीट समजून घ्या, कारण या विषयात सर्वांत जास्त नुकसान इथेच होतं. जे वाचलं गेलं ते गेलं. पेमेंट गेटवेची किल्ली कोणी आधीच पाहिली असेल तर ती गेटवेच्या बाजूने बदलावीच लागेल. व्हॉल्टने डेटाबेससाठी बनवलेली तात्पुरती खाती सील झाल्यावरही डेटाबेसमध्ये जिवंत राहतात. त्यांची मुदत संपली तरी ती पुसायला कोणी नसतं, कारण पुसणारा व्हॉल्टच बंद आहे. तो उघडल्यावर मागची थकलेली कामं करतो, पण तोवरचे तास घुसखोराचे. म्हणून सील झाल्याबरोबर डेटाबेसच्या माणसाने थेट डेटाबेसमध्ये जायला हवं. नावाचा साचा तुम्ही बदलला नसेल तर पोस्टग्रेसमध्ये व्हॉल्टने बनवलेल्या खात्यांची नावं 'व्ही' आणि डॅशने सुरू होतात. ती यादी काढा, लॉगिनची परवानगी काढून घ्या, चालू जोडण्या तोडा.

उघडण्याआधी फायरवॉलवर ८२०० पोर्ट एका मशीनपुरतं मर्यादित करा. ८२०१ हे नोडांच्या आपसांतल्या बोलण्यासाठी लागतं, ते नोडांपुरतंच राहू द्या. मग अनसील करा. पहिलं काम फुटलेलं टोकन रद्द करण्याचं. तुमच्या हाती दुसरं रूट टोकन नसेल तर 'व्हॉल्ट ऑपरेटर जनरेट-रूट' ही कमांड तुकड्यांच्या मंजुरीने नवं बनवून देते. काम झालं की तेही रद्द करायचं. त्यानंतर 'व्हॉल्ट लीज रिव्होक' प्रीफिक्स पर्यायाने 'डेटाबेस/क्रेड्स' या पाथवर, म्हणजे तिथल्या सगळ्या लीज एकदम जातात. खाती तुम्ही आधीच हाताने काढली असतील तर ही कमांड 'खातं सापडत नाही' म्हणून अडू शकते. अशा वेळी तिला फोर्स पर्याय जोडावा लागतो. अ‍ॅपरोलने (अ‍ॅप्लिकेशनसाठीच्या लॉगिन पद्धतीने) लॉगिन झालेली टोकनं 'ऑथ/अ‍ॅपरोल/लॉगिन' या प्रीफिक्सने काढा. अ‍ॅपरोल पद्धतच डिसेबल केली तरी टोकनं जातात, पण तिच्याबरोबर सगळे रोल आणि त्यांची मांडणीही जाते. घाईत हे करणाऱ्यांची पुढची रात्र रोल पुन्हा लिहिण्यात जाते. नव्या पॉलिसी, नवी खाती, नवी यूजर नावं कोणी तयार करून ठेवली नाहीत ना, हेही याच टप्प्यावर तपासायचं. रूट टोकन हाती आलेला माणूस मागचं दार तयार करूनच जातो.

हे सगळं झाल्यावरच अ‍ॅप्लिकेशन सर्व्हरना ८२०० पुन्हा मोकळं करा.

प्रश्न : पाच तुकडेधारकांपैकी एक जण नोकरी सोडून बंगळुरूला गेला. त्याच्या तुकड्याचं काय करायचं? आणि तीन तुकडे हरवले तर? (वर्धमाननगर)

रीकी करा. व्हॉल्ट उघडा असताना 'व्हॉल्ट ऑपरेटर रीकी' इनिट पर्यायाने सुरू करा, शेअर्स ५, थ्रेशोल्ड ३, आणि व्हेरिफाय हा पर्याय आवर्जून जोडा. जुने तीन तुकडे पडले की नवे पाच मिळतात. व्हेरिफाय असल्यामुळे नव्यांतले तीन पुन्हा टाकून दाखवेपर्यंत ते लागू होत नाहीत. त्यामुळे नवे तुकडे नीट उतरले नाहीत आणि जुने रद्द झाले, अशी वेळ येत नाही. प्रत्येक धारकाची पीजीपी सार्वजनिक किल्ली दिली तर तुकडे एन्क्रिप्ट होऊनच बाहेर पडतात आणि कमांड चालवणाऱ्यालाही दिसत नाहीत.

रीकीने जुने स्नॅपशॉट बदलत नाहीत. मार्चचा राफ्ट (व्हॉल्टचं स्वतःचं स्टोरेज) स्नॅपशॉट परत आणला तर तो मार्चच्या तुकड्यांनीच उघडेल. म्हणून जुने तुकडे कधी नष्ट करायचे हे जुने स्नॅपशॉट कधी नष्ट होतात त्यावर ठरवा, दोन्ही एकाच दिवशी. 'व्हॉल्ट ऑपरेटर रोटेट' हे वेगळं काम आहे : ते यापुढच्या डेटासाठी नवी एन्क्रिप्शन किल्ली आणतं, तुकड्यांना हात लावत नाही.

तीन तुकडे हरवले आणि व्हॉल्ट अजून उघडा असेल तर त्या सर्व्हरला कोणालाही रीस्टार्ट करू देऊ नका. सुरक्षा अपडेटसुद्धा थांबवा. रीकीसाठीही तीन तुकडे लागतात, त्यामुळे तो रस्ता बंद आहे. शेजारी नवा व्हॉल्ट उभा करा आणि चालू व्हॉल्टमधून एकेक सिक्रेट वाचून तिकडे लिहा. ट्रान्झिट किल्ल्यांना एक्स्पोर्टची परवानगी नसेल तर ती आधी द्यावी लागते. व्हॉल्टच्या आतच तयार झालेली पीकेआयची (सर्टिफिकेटं बनवणाऱ्या भागाची) खासगी किल्ली मात्र बाहेर काढता येत नाही. ती नव्याने बनवावी लागेल. सील झाल्यानंतर लक्षात आलं तर उपाय नाही.

तुकडेधारक निवडताना पाचही जण एकाच मजल्यावर बसणारे नसावेत. लग्नसराईत सगळे एकाच गाडीने काटोलला जातात तेव्हा तीन तुकडे एकाच रस्त्यावर असतात.

प्रश्न : आमचा व्हॉल्ट एका व्हर्च्युअल मशीनवर आहे आणि रात्री त्या मशीनचा मेमरीसकट स्नॅपशॉट घेतला जातो. त्यात काही धोका? (रामदासपेठेतील एका रुग्णालयाचा आयटी विभाग)

मोठा धोका आहे. उघड्या व्हॉल्टच्या मेमरीत रूट किल्ली साधी, एन्क्रिप्ट न केलेली असते. मेमरीसकट घेतलेल्या स्नॅपशॉटमध्ये ती उतरते, आणि त्याच स्नॅपशॉटमध्ये डिस्कही असते. तुमच्याकडे रुग्णांची माहिती आहे. मेमरी वगळून स्नॅपशॉट घ्या आणि व्हॉल्टचा बॅकअप 'व्हॉल्ट ऑपरेटर राफ्ट स्नॅपशॉट सेव्ह' या कमांडने वेगळा घ्या. तो एन्क्रिप्टच असतो. आधीचे मेमरीवाले स्नॅपशॉट नष्ट करा, मग रीकी आणि रोटेट दोन्ही करा. त्या स्नॅपशॉटच्या प्रती कुठे-कुठे गेल्या याचा हिशेब लागत नसेल तर आतले पासवर्डही बदलावेत.

याच कारणासाठी स्वॅप बंद हवा : 'स्वॅपऑफ' चालवा आणि एफएसटॅबमधली नोंदही काढा, नाहीतर पुढच्या बूटला तो परत येतो. राफ्ट स्टोरेज वापरताना एमलॉक (मेमरी स्वॅपमध्ये जाऊ न देणारी सोय) बंद ठेवण्याची शिफारस आहे, म्हणून स्वॅपची जबाबदारी पूर्ण तुमच्यावर येते. सिस्टमडीच्या फाइलमध्ये 'लिमिटकोअर'ला शून्य द्या, म्हणजे प्रोसेस कोसळली तरी मेमरीची फाइल डिस्कवर पडणार नाही.

प्रश्न : व्हॉल्ट अडकतो, कोणालाच काही देत नाही, पण स्टेटसमध्ये 'सील्ड फॉल्स' दिसतं. (बुटीबोरी)

ऑडिट लॉगची डिस्क भरली आहे का पाहा. चालू केलेल्या ऑडिट उपकरणांपैकी एकावरही नोंद लिहिता आली नाही तर व्हॉल्ट विनंती पुरी करत नाही. जागा मोकळी केली की लगेच चालू होतो. सील-अनसील करत बसू नका. दोन ऑडिट उपकरणं ठेवा, एक फाइल आणि एक सिसलॉग, वेगवेगळ्या डिस्कवर. लॉगरोटेटने फाइल बदलल्यावर व्हॉल्टला 'सिगहप' सिग्नल द्यावा लागतो, नाहीतर तो जुन्याच फाइलमध्ये लिहीत राहतो. सीईआरटी-इनच्या निर्देशांप्रमाणे लॉग १८० दिवस ठेवायचे आहेत, तेवढी जागा आधीच मोजून घ्या.

प्रश्न : मी अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. लॅपटॉपवर याचा सराव कसा करता येईल? (अंबाझरी)

'व्हॉल्ट सर्व्हर' या कमांडला डेव्ह पर्याय जोडून चालवा. तो उघडाच सुरू होतो आणि स्क्रीनवर एक अनसील किल्ली व रूट टोकन छापतो. दोन्ही टिपून घ्या. दुसऱ्या टर्मिनलवर 'व्हॉल्ट अ‍ॅडर'मध्ये १२७.०.०.१ हा पत्ता आणि ८२०० पोर्ट द्या, सुरुवात एचटीटीपीने करा, एचटीटीपीएसने नव्हे. तो न दिल्यास पहिल्याच कमांडला 'एचटीटीपीएस मागितलं, एचटीटीपी मिळालं' अशा अर्थाची चूक दिसेल. एक सिक्रेट लिहा, सील करा, ते वाचायचा प्रयत्न करून काय उत्तर येतं ते पाहा, अनसील करून पुन्हा वाचा. डेव्हमध्ये सगळं मेमरीत असतं, प्रोसेस बंद केली की डेटा गेला, म्हणून खरा पासवर्ड त्यात ठेवू नका.

हे जमलं की राफ्ट स्टोरेजच्या तीन कॉन्फिगरेशन फाइल बनवून एकाच लॅपटॉपवर तीन नोड चालवा. ८२००, ८२१० आणि ८२२० असे पोर्ट ठेवले तर क्लस्टरचं पोर्ट प्रत्येकी एकाने पुढचं देता येतं आणि आपसांत टक्कर होत नाही. पहिल्या नोडवर 'व्हॉल्ट ऑपरेटर इनिट' करा, पाच तुकडे वर्गातल्या पाच जणांना वाटून द्या, बाकीचे दोन नोड त्याला जोडून घ्या आणि तेही अनसील करा. मग सक्रिय नोड सील करून दुसरा नोड किती सेकंदांत जागा घेतो ते लॉगमध्ये बघा.